फसवणूक घाऊक, दाद एकेकट्याने

मराठवाड्यात पैसा बुडाला की त्याचा आवाज होतो. जुलै २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतला सुमारे २०० कोटींचा घोटाळा बाहेर आला, तेव्हा ठेवीदार रस्त्यावर उतरले, गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. पुढच्याच महिन्यात अजिंठा अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. त्याच्या दीड वर्ष आधी बिडकीन-पैठण पट्ट्यात ‘तीस-तीस’ योजनेचे पितळ उघडे पडले होते. औद्योगिक मार्गिकेसाठी जमिनी देऊन हाती आलेला मोबदला अनेक शेतकऱ्यांनी त्या योजनेत ओतला होता. पैसे किती परत आले हा वेगळा विषय, पण बुडालेले सगळे निदान एका नावाखाली गोळा होऊ शकले. ‘आदर्शचे ठेवीदार’ म्हटले की पुढाऱ्यालाही थांबून ऐकावे लागते.

दुसऱ्या एका पैशाला मात्र असा आवाज नाही. निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत ठेवायला माणूस बँकेत जातो. काचेच्या केबिनमध्ये बसलेला, ‘काका’ म्हणून हाक मारणारा अधिकारी सांगतो की, एफडीत आता काही राहिले नाही, त्यापेक्षा हे घ्या, एकदाच भरायचे, पाच वर्षांनी दुप्पट, वर विमा फुकट. खुणा केलेल्या जागी सह्या होतात. वर्ष उलटते आणि मोबाइलवर निरोप येतो : आपला दुसरा वार्षिक हप्ता ३ लाख रुपये, देय तारीख अमुक. काकांना तेव्हा कळते की आपण ठेव ठेवली नाही, आयुर्विम्याची पॉलिसी काढली आहे, आणि तिचे हप्ते वयाच्या ऐंशीपर्यंत भरायचे आहेत.

या माणसाचा मोर्चा निघत नाही. त्याच शाखेत, त्याच टेबलावर, त्याच महिन्यात आणखी दहा जणांच्या गळ्यात तीच पॉलिसी मारली गेलेली असू शकते. पण प्रत्येकाचा पॉलिसी क्रमांक वेगळा, प्रत्येकाची लाज वेगळी. शिकलेसवरलेले असून फसलो, हे पोरांनाही सांगवत नाही. आपल्याकडची दाद मागायची व्यवस्थाही नेमकी याच गृहीतावर उभी आहे की हे एका ग्राहकाचे एका कंपनीशी झालेले भांडण आहे. माझे म्हणणे असे की, तिथेच ती चुकते. व्यवस्था नाही असे नाही. ती आहे, स्वस्त आहे, कागदावर तर बरीच चांगली आहे. पण फसवी विक्री घाऊक होते आणि न्याय किरकोळीत मिळतो, तोवर विकणाऱ्याला चिंतेचे कारण नाही.

आधी विक्रीचे गणित पाहू, कारण त्याशिवाय काकांच्या टेबलावर काय घडले ते उमगत नाही. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या २०१६ च्या नियमांत एकरकमी हप्त्याच्या साध्या आयुर्विम्यावर विक्रेत्याला जास्तीत जास्त २ टक्के कमिशन होते. हप्ते बारा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ भरायचे असतील तर पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे काकांचे ३ लाख खरोखरच ‘एकदाच भरायचे’ असते तर विकणाऱ्याकडे ६,००० रुपये गेले असते. तेच ३ लाख पहिला हप्ता म्हणून दाखवले की ही रक्कम १,०५,००० पर्यंत जाऊ शकते. तोंडाने एकरकमी सांगायचे आणि कागदावर हप्त्यांची लिहायची, या खोडीचे सगळे मर्म या दोन आकड्यांत आहे. २०२३ पासून प्रत्येक पॉलिसीवरची ही मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चावर मर्यादा घालण्यात आली. पहिल्या वर्षी जास्त आणि नंतर कमी, हा कमिशनचा उतार मात्र त्यामुळे आपोआप सपाट होत नाही.

यातून ग्राहकांचे किती नुकसान झाले? मोनिका हालन, रेणुका साने आणि सुसान थॉमस या तिघींनी एका अभ्यासात हिशेब मांडला होता. २००४-०५ ते २०११-१२ या काळात बंद पडलेल्या पॉलिसींमुळे गुंतवणूकदारांचे दीड लाख कोटींहून अधिक रुपये गेले, असा त्यांचा अंदाज होता. आदर्शसारख्या साडेसातशे पतसंस्था बुडाल्या असत्या तर जेवढे गेले असते, तेवढे. आणि यात कुणी दरोडा घातला नाही, कुणी परदेशी पळाले नाही. सगळे कायदेशीर, सगळ्यावर सही.

ती सही हाच पहिला आक्षेप असतो, आणि तो घरातूनच येतो. ‘सही करताना वाचायला काय झाले होते?’ प्रश्न गैरलागू नाही. दुप्पट म्हटल्यावर कान टवकारले, हे काकांनाही नाकारता येणार नाही. पण वाचायचे काय? ग्राहक सही करतो ती प्रस्ताव अर्जावर; पॉलिसीचे सविस्तर कागद पैसे गेल्यानंतर येतात, बहुधा इंग्रजीत, तीसचाळीस पाने. म्हणूनच कायद्याने ‘फ्री लुक’ची सोय ठेवली : कागद हाती आल्यापासून ठरावीक दिवसांत, पटले नाही तर पॉलिसी परत करायची. पूर्वी ही मुदत बहुतेक पॉलिसींना १५ दिवस होती, १ एप्रिल २०२४ पासून सरसकट ३० दिवस झाली. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किंमत वजा करून बाकी पैसे मिळतात. फसव्या विक्रीवर याइतका सोपा उतारा दुसरा नाही. ज्याला तो वापरता येतो त्याला हा पुढचा लेख वाचायचीही गरज नाही.

पण फसवी विक्री अशीच केली जाते की ३० दिवसांत ती कळू नये. ती कळते दुसऱ्या हप्त्याच्या निरोपाने, म्हणजे तीनशे दिवसांनंतर. शिवाय आता पॉलिसी ई-मेलवर येते, आणि अर्जावर ई-मेल किंवा मोबाइल क्रमांक भलत्याचाच लिहिलेला असणे, ही अशा तक्रारींत नेहमीची गोष्ट आहे.

इथे विमा कायद्याच्या ४५ व्या कलमाची आठवण होते. ग्राहकाने अर्जात काही खोटे सांगितले, आजार लपवला, तर ते शोधून पॉलिसी रद्द करायला कंपनीला तीन वर्षे मिळतात. त्यानंतर मात्र कोणत्याही कारणाने पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. चांगले कलम आहे, ग्राहकाच्या बाजूचेच आहे. पण ते उलटे धरून पाहा. ग्राहकाचे खोटे शोधायला डॉक्टर, तपासनीस आणि वकील पदरी असलेल्या कंपनीला तीन वर्षे. विक्रेत्याचे खोटे शोधायला चाळिशीचा चष्मा आणि इंग्रजीतली चाळीस पाने एवढेच हाताशी असलेल्या ग्राहकाला तीस दिवस. विमा हा परम विश्वासाचा करार मानला जातो आणि तो विश्वास दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या मॉडर्न इन्सुलेटर्स प्रकरणात सांगितले आहे. मुदतींच्या हिशेबात मात्र ही दुतर्फा सद्भावना दिसत नाही.

तीस दिवस उलटले तर काय? मार्ग आहे आणि तो ठाऊक असावा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. तिचा निकाल १४ दिवसांत लावणे अपेक्षित आहे. जोडीला नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ यंत्रणेत नोंद, दूरध्वनी १५५२५५. बँकेने विकली असेल तर बँकेकडेही तक्रार करायलाच हवी, कारण बँकेने विकलेल्या विम्याबद्दलच्या तक्रारी २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत, आणि हे बँकेत कुणी आपणहून सांगत नाही. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा नकार दिला तर विमा लोकपाल. आपल्या भागासाठी हे कार्यालय पुण्यात, नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. शुल्क नाही, वकील चालत नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. कंपनीचे उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायचे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर लोकपाल ५० लाखांपर्यंत भरपाई देऊ शकतो. आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असला तरी ग्राहकावर नसतो. पटला नाही तर ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते. उलट्या क्रमाने मात्र जाता येत नाही : आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल ते ऐकत नाही. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग, हा क्रम शहाणपणाचा.

आयोग इथेच आहे, संभाजीनगरात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथे तक्रार करण्याचा हक्क दिला. कंपनीचे मुख्यालय मुंबईत असो की गुरुग्रामला, सिल्लोडच्या माणसाला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. मुदत दोन वर्षांची. अपिलासाठी राज्य आयोगाचे फिरते खंडपीठही याच शहरात बसते, आणि अपिलात जाणाऱ्या कंपनीला निकालातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. आयोगाच्या पायऱ्या चढलेला कुणीही या वाक्यावर हसेल.

एवढे सगळे असूनही तक्रारदार कुठे हरतो? पुराव्यावर. खोटे तोंडी बोलले गेले, खरे मात्र छापलेले आहे. कंपनी आयोगासमोर प्रस्ताव अर्ज ठेवते : ‘हप्ता भरण्याची मुदत १२ वर्षे’, खाली सही. लाभाचा तक्ता ठेवते, त्यावर सही. सही मराठीत आणि अर्ज इंग्रजीत असेल तर आणखी एक कागद ठेवते : ‘अर्जातील मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला आहे’. त्याच्याही खाली सही. शेवटी पडताळणीच्या फोनचे ध्वनिमुद्रण ऐकवते, ज्यात काका सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हणतात. ते ‘हो’ म्हणतात कारण त्यांना सांगितलेले असते, ‘मुंबईहून फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर पैसे अडकतील.’ हे सांगणे कुठेही मुद्रित नसते. म्हणजे विक्रीतला प्रत्येक सुरक्षेचा उपाय आयोगात पोहोचेपर्यंत कंपनीचा पुरावा होऊन बसतो. ग्राहकाला सावध करण्यासाठी आणलेला फोन ग्राहकाच्याच विरोधात बोलतो.

याला तोड नाही असे नाही. प्रस्ताव अर्जाची प्रत पॉलिसीसोबत मिळायला हवी. ती नीट पाहिली तर बऱ्याचदा तिच्यातच खोटे सापडते. वर्षाला साडेतीन लाख पेन्शन असलेल्या माणसाच्या अर्जावर उत्पन्न १२ लाख आणि धंदा ‘व्यवसाय’ असे लिहिलेले असते, कारण त्याशिवाय ३ लाखांचा हप्ता कंपनीच्या संगणकाने स्वीकारलाच नसता. मुदत ठेव मोडल्याची तारीख आणि हप्ता वळता झाल्याची तारीख एकच असते. ते बँकेचे खातेपुस्तक सांगते. ‘काका, एकदाच भरायचे’ असा व्हॉट्सअ‍ॅप निरोप असला तर मग प्रश्नच मिटला. सत्तरीला टेकलेल्या माणसाला पुढची बारा वर्षे उत्पन्नाइतका हप्ता कशाच्या बळावर भरता येणार होता, हा साधा प्रश्न कंपनीला विचारायला लावणे, हेच तक्रारदाराचे सर्वांत मोठे शस्त्र आहे. सही खरी असली तरी व्यवहार शहाण्या माणसाने समजून केलेला नव्हता, एवढे त्यातून उभे राहते.

एक सापळा मात्र सांगून ठेवतो. तक्रारीत ‘मी गुंतवणूक म्हणून पैसे दिले’ असे वाक्य लिहिताना जपावे. २०१३ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एका युलिप, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या विम्याच्या, प्रकरणात असे धरले की, सट्टेबाज नफ्यासाठी पैसे गुंतवणारा हा ग्राहकच नव्हे. पुढे आयोगांनी प्रकरणाप्रकरणांत वेगळ्या भूमिका घेतल्या, पण कंपन्यांचे वकील तो निकाल आजही खिशात ठेवून येतात. गंमत पाहा. बँकेत पॉलिसी विकताना ती गुंतवणूक असते, विमा तोंडी लावायला. आयोगात दावा आला की कंपनी सांगते, तुम्ही गुंतवणूक केलीत ना, मग ग्राहक कसे?

एजंटाच्या शब्दाला कंपनी किती बांधील, हाही जुना वाद आहे. १९९७ च्या हर्षद शहा प्रकरणात हप्त्याचा धनादेश एजंटाने नेला, वेळेत भरला नाही, आणि दरम्यान विमेदार वारला. नियमाने एजंटाला हप्ता गोळा करण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून आयुर्विमा महामंडळ जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. विमा गावोगाव एजंटाच्या तोंडून विकायचा आणि गोत्यात आले की तोंड त्याचे, हे त्या काळी कायद्यात बसले. अलीकडे वारे फिरले आहे. २०२२ च्या टेक्स्को मार्केटिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने, न सांगितलेल्या अटीच्या आड कंपनीला लपता येणार नाही, असे ठणकावले.

इथे एजंट मंडळींविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण सगळा राग त्यांच्यावर निघतो. वैजापूर, कन्नड, गंगापूर इथल्या खेड्यांत विमा पोहोचवला तो सायकलवरून, मग मोटारसायकलवरून फिरणाऱ्या एजंटांनी. घरात मयत झाली की दाव्याचे कागद भरायलाही तेच येतात. त्यांच्यातही लबाड आहेत, नाही कोण म्हणतो? पण गल्लीतल्या एजंटाला तुमच्या मुलीच्या लग्नात जेवायला यायचे असते. त्याने गळ्यात मारलेली पॉलिसी त्याच्याच गळ्यात परत येऊ शकते. बँकेतल्या अधिकाऱ्याची दोनतीन वर्षांत बदली होते. हालन आणि साने यांनी दिल्लीतल्या बँक शाखांत बनावट ग्राहक पाठवून पाहिले होते. सरकारी बँकांचा कल मुदत ठेवीकडे दिसला, खासगी बँकांत विम्याचा आग्रह. बँकेने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेला विश्वास तिथे तिसऱ्याच कंपनीच्या मालासाठी भाड्याने दिला जातो. माझ्या मते ही विक्री एजंटाच्या विक्रीपेक्षा जास्त घातक आहे, आणि तिला कायद्याने वेगळे मोजायला हवे.

आता मूळ मुद्दा. समजा काका चिकाटीचे निघाले. पुण्याच्या लोकपालांकडे गेले आणि जिंकले. काय मिळेल? भरलेला हप्ता परत, फार तर व्याजासह. विकणाऱ्या शाखेला काय झाले? काही नाही. कंपनीने एका ग्राहकाचे पैसे वापरले आणि परत केले. जे दहा जण आलेच नाहीत त्यांचे पैसे तिच्याकडेच राहिले. निवाडा पाळायला ३० दिवसांहून उशीर केला तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. उशिराला दंड आहे, पण मुळातल्या फसवणुकीला लोकपालाच्या दारी परताव्यापलीकडे किंमत नाही. पकडला तर माल परत, नाही पकडला तर माल आपला, अशा अटीवर चालणारा धंदा कोण सोडील? आयआरडीएआयच्या आकडेवारीत आयुर्विमा कंपन्यांविरुद्धच्या एकूण तक्रारी २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी सव्वा लाखाच्या आतच, जवळपास तेवढ्याच राहिल्या. पण त्यातल्या अनुचित विक्रीच्या तक्रारी २३,३३५ वरून २६,६६७ वर गेल्या. दर पाच तक्रारींत एकीहून अधिक. आणि हे फक्त तक्रार करणारे.

एकेकट्याची दाद आणि सामूहिक दाद यांत फरक काय पडतो, हे पाहायला मराठवाड्याबाहेर जावे लागत नाही. २०२० च्या खरिपात ऑक्टोबरच्या पावसाने उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातले सोयाबीन गेले. पीकविमा होता. बजाज अलायन्झ जनरल इन्शुरन्सचे म्हणणे असे की, नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची होती, ती ज्यांनी दिली नाही त्यांना भरपाई नाही. पाण्यात उभे राहून, वीज नसताना, मोबाइलवर सूचना! एकेक शेतकरी लढला असता तर प्रत्येकाला सिद्ध करावे लागले असते की माझ्या वावरात रेंज का नव्हती. पण शेतकरी आणि लोकप्रतिनिधी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले, आणि ६ मे २०२२ रोजी खंडपीठाने ३,५७,२८७ शेतकऱ्यांना हेक्टरी १८,००० रुपयांप्रमाणे भरपाई देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. वसुलीसाठी पुढेही झगडावे लागले, उपोषणे झाली. निकाल म्हणजे पैसे नव्हेत. ती फसव्या विक्रीची केस नव्हती, हेही खरे. पण तिथे ‘तुम्ही वेळेत का सांगितले नाही?’ हा प्रश्न साडेतीन लाख वेळा न विचारता एकदाच विचारला गेला, आणि एकत्र विचारताच त्यातला फोलपणा उघडा पडला. फ्री लुकच्या तीस दिवसांचा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

ब्रिटनने हे विक्रीच्या बाबतीत करून दाखवले. तिथल्या बँकांनी कर्जाबरोबर ‘पीपीआय’ नावाचा, हप्ते थकले तर भरणारा विमा कोट्यवधी लोकांच्या गळ्यात मारला. त्यात स्वतंत्र व्यवसाय करणारे आणि निवृत्त लोकही होते, ज्यांना त्याचा लाभ मिळणेच शक्य नव्हते. २०१० मध्ये तिथल्या नियामकाने नियम केला की, बँकांनी तक्रारी एकेक करून मिटवून थांबू नये. तक्रारींमागचे सामाईक कारण शोधावे आणि ज्यांनी तक्रार केलेली नाही, पण ज्यांची तशीच फसवणूक झाली असण्याची शक्यता आहे, अशांनाही कळवावे. बँकांची संघटना न्यायालयात गेली आणि एप्रिल २०११ मध्ये हरली. ऑगस्ट २०१९ च्या अंतिम मुदतीपर्यंत आलेल्या दाव्यांपोटी बँकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक परत करावे लागले. मुदत जवळ आल्याचे सांगायला नियामकाने जाहिरातीत अर्नॉल्ड श्वार्झनेगरचे यांत्रिक मुंडके वापरले होते. आपला नियामक इतका हौशी व्हावा अशी अपेक्षा नाही. तिथेही दावे मिळवून देणाऱ्या दलालांचे पेव फुटले आणि त्यांनी आपला वाटा खाल्ला. आपल्याकडे तर बंद पडलेल्या पॉलिसीचे पैसे सोडवून देतो, आधी जीएसटी भरा, असे नियामकाच्या नावाने फोन करणारे भामटे फसलेल्याला दुसऱ्यांदा फसवतात. तरीही त्या नियमाचा गाभा घेण्यासारखा आहे : एका टेबलावर एक फसवी विक्री सिद्ध झाली, की त्या टेबलावरच्या बाकी विक्री कंपनीने स्वतःच्या खर्चाने तपासायच्या.

आक्षेप येईल की अशाने विक्रीच थांबेल, आणि आधीच विमा कमी असलेल्या देशात आणखी कमी होईल. ज्या घराला ५० लाखांचे संरक्षण हवे त्याला ३ लाख हप्ता घेऊन ३० लाखांचे संरक्षण आणि मुदत ठेवीहून कमी परतावा मिळत असेल, तर ती विक्री थांबल्याने नेमके काय कमी होते? दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : लबाड ग्राहकही असतात. बाजार पडला की ‘मला फसवले’ म्हणत येणारे असतात. असतील. त्यावर उपाय एकच, विकतानाचे बोलणे नोंदवणे. सही घेतानाचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण बँकेला अशक्य नाही. जी संस्था हप्ता चुकला की सकाळी आठ वाजता फोन करू शकते, ती हेही करू शकते. नोंद नसेल तर ग्राहकाचे म्हणणे खरे धरायचे. पुराव्याचे ओझे नोंद ठेवणे ज्याला सोपे त्याच्या खांद्यावर.

पण हे सगळे कायदे बदलल्यावर. आजच्या कायद्यातही दोन खिडक्या आहेत, आणि त्या फारशा कुणी उघडत नाही. २०१९ च्या कायद्याचे ३५ वे कलम सारखेच हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकाने किंवा काहींनी, आयोगाच्या परवानगीने, तक्रार करायची मुभा देते. दुसरी खिडकी १६ व्या आणि १७ व्या कलमात आहे : ग्राहकांच्या समूहाच्या हक्कांवर गदा आली अशी तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्याकडे करता येते, आणि जिल्हाधिकारी तिची चौकशी करून अहवाल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाठवू शकतो. विषय विम्याचा म्हणून प्राधिकरण तो अहवालासह आयआरडीएआयकडे सोपवील, हे शक्य आहे. पण तेव्हा नियामकाच्या टेबलावर एका काकांची नव्हे, एका शाखेची तक्रार असेल.

अडचण एवढीच की, त्या शाखेचे बाकी दहा जण एकमेकांना ओळखत नाहीत. ते ज्येष्ठ नागरिक संघात, पेन्शनरांच्या संघटनेत, ग्राहक पंचायतीच्या बैठकीत शेजारी बसतात आणि पॉलिसीविषयी बोलत नाहीत. अशा एखाद्या संघाने एक नोंदवही ठेवावी, चार रकान्यांची : शाखा, ठेव मोडल्याची तारीख, पॉलिसीची तारीख आणि विकणाऱ्याचा कोड. हा कोड कुणाला विचारावा लागत नाही. तो पॉलिसीच्या कागदांतच छापलेला असतो.